डोळा भरला तेव्हा

काट्याचं झाड दारात लावू नये, घरात भांडण येतं,
बालामणीनं कुंपणापलीकडून सांगितलं.
मी म्हटलं, भांडण तर आमच्याआधीच राहायला आलंय,
त्याला निदान सावली होईल.

विडी घरकुल. दोन खोल्या, पुढं अकरा फूट मुरूम.
टिकाव मारला की ठिणगी.
यादगिरीनं चार सुट्ट्या घालवून कमरेएवढा खड्डा केला.
तळ्यातला गाळ, शेणखत,
आणि माझ्या सुपातला तंबाखूचा चुरा,
वाळवी लागू नये म्हणून.

रोप आणलं नाही.
बोरीला जागा बदललेली खपत नाही,
सोटमूळ एकदा दुखावलं की ती आयुष्यभर धरून बसते.
बार्शी रस्त्याच्या बांधावरून सात गावठी बिया आणल्या,
रात्रभर भिजवल्या, अडकित्त्यात धरून
नुसत्या टिचवल्या,
राहायच्या जागीच टोचल्या.
तीन उगवल्या.
एक शेळीनं नेली. एक मी उपटली,
उपटताना तिला काहीतरी बोलले.
काय ते आता आठवत नाही.

उरलेलीला पानाशी दोन-दोन काटे,
एक सरळ, एक वाकडा.
सरळ टोचतो आणि सोडतो.
वाकडा धरतो.
वाळत टाकलेल्या चादरीचा एक धागा त्यानं ओढला
तर यादगिरी दुपारभर तो सोडवत बसला.
काडी मोडली असती तर मिनिटाचं काम.
पण तीस वर्षं मागावर काढलेला माणूस,
त्याला धागा तुटलेला चालत नाही.

दुसऱ्या आषाढात हिप्परग्याहून शिवशरण आला,
ओल्या फडक्यात उमराणच्या काड्या घेऊन.
वीतभर उंचीवर साल चिरली,
डोळा आत सरकवला, पट्टी गुंडाळली.
म्हणाला, डोळा तेवढा उघडा ठेवा, बाकी झाका.
आणि खालून गावठी फुटेल ती खुडत जा.
दया करू नका.

त्याच महिन्यात सिव्हिलमध्ये
यादगिरीच्या डाव्या डोळ्यावरही पट्टी आली.
घरी आला, झाडासमोर पाट टाकून बसला.
दोघांच्या पट्ट्या मीच बदलायची,
आधी झाडाची. का, ते विचारू नका.

चौदाव्या दिवशी त्यानं बोटानं चाचपून सांगितलं,
फुगलाय.
मी म्हटलं, तुझा?
तो हसला. त्याचा काही फुगला नाही, फुटला नाही,
डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं
आणि उजवा जपा म्हणाला.

खुडायचं काम मग त्यानं घेतलं. बोटांनी.
मागच्या बाजूला, भिंतीकडं, एक गावठी फूट
रोज त्याच्या हाताखालून सुटायची.
मला दिसत होती.
मी काही बोलले नाही.
त्यालाही सापडत होती, हे मला
फार नंतर कळलं.

आता एका बुंध्यावर दोन झाडं आहेत.
भाद्रपदात फुलं येतात, वास असा की
अख्खी गल्ली नाक धरते, माश्यांची मात्र जत्रा.
चैत्र सरला की मी अख्खं झाड छाटते, नुसतं खुंट उरतं,
येणारा-जाणारा विचारतो, मेलं का हो?
उन्हाचा पारा चव्वेचाळीस.
मी विड्या वळत सांगते, झोपलंय.
पौषात वर उमराण, पिवळीधम्मक, अंड्याएवढी,
खाली भिंतीकडं गावठी, लाल, आंबट,
शाळेतून येणारी पोरं पहिली तिकडंच वळतात.

यंदा भोगीला बालामणी आली, हातात पितळी वाटी.
नातू वर्षाचा झालाय, बोरं घालायचीत डोक्यावरून.
मी उमराण काढायला गेले तर म्हणाली,
अगं ही नको, टाळू फुटेल पोराची!
ती दे. ती बारकी.

मी म्हटलं, भिंतीकडं जा, तूच काढून घे.
वाटी भरली. निघाली.
वाकड्या काट्यानं तिचा पदर धरला.

ओढू नको, आतून यादगिरी म्हणाला, धागा जाईल.
मी आलो.
आणि चाचपडत उठला.

तोवर बस की जरा, मी म्हटलं.
ती बसली.